‘पुन्हा’साठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द? रिपीट, रीरन, रिव्हायव्हल, ऑन्कोर...

संगमावरची:

नमस्कार मंडळी. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनासाठी आमच्या भागातल्या मंडळानं जुन्या संगीत नाटकांच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. फोटो सांगली, मिरज, हरिपूर इथल्या घराघरांतून गोळा झालेत. मराठी मजकूर दोन ज्येष्ठांनी लिहिला. बाहेरगावचे पाहुणेही येतात म्हणून इंग्रजी मजकूर माझ्याकडे आला. मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं.

मराठी मजकुरात ‘पुन्हा’ किंवा त्याच अर्थाचा शब्द नऊ ठिकाणी आलाय. मी नऊही ठिकाणी ‘रिपीट’ लिहून मोकळी झाले. काल रात्री सगळं सलग वाचलं आणि फार वाईट वाटलं. एका फोटोखाली ‘पदाला तीनदा वन्स मोअर मिळाला’ असं आहे. दुसऱ्याखाली ‘तीस वर्षांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं’. तिसऱ्याखाली ‘लोकाग्रहास्तव पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग’. आणखी एका ठिकाणी ‘रेडिओवर पुन्हा लागलं’. या चार गोष्टी एक नाहीत. ज्या माणसांनी आयुष्य घालून हे केलं, त्यांच्या फोटोखाली मी एकच ठोकळेबाज शब्द लावलाय.

इंग्रजीत प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे एवढं कळतंय, पण सीमा कुठे आखायच्या ते नीट समजत नाही. मदत करा. फलक लवकरच छापायला जायचेत.

तिसरी घंटा:

ताई, चाळीस वर्षं पडद्यामागे काढलीत, म्हणून नाटकापुरतं सांगतो.

तीस वर्षांनी आलेलं नाटक म्हणजे रिव्हायव्हल. संहिता तीच, पण निर्मिती नवी: नट नवे, नेपथ्य नवं, कधी दिग्दर्शकही नवा. आपण पुनरुज्जीवित नाटक म्हणतो, तेच. मध्ये खंड पडलेला हवा. नाटक बंद पडलं नसेल आणि फक्त नट बदलले असतील, तर ते रिव्हायव्हल नाही. आपल्या जाहिरातीत त्याला ‘नव्या संचात’ म्हणतात, आणि इंग्रजीत ‘विथ अ न्यू कास्ट’ लिहिलं की झालं.

लोकाग्रहास्तव पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयोग झाला, तर नाटक तेच आणि संचही तोच. मंडळी त्याच गावात परत आली इतकंच. त्याला ‘रिटर्न एंगेजमेंट’ म्हणतात. ‘बाय पॉप्युलर डिमांड’ हे शब्दही जोडा, लोकाग्रहास्तवचा भाव पूर्ण उतरतो.

रीरन मात्र नाटकाला लावू नका. नाटकाचा प्रयोग दर वेळी नव्यानं होतो. काल झालेला आज परत दाखवता येत नाही. रीरन हे ध्वनिमुद्रित किंवा चित्रित गोष्टीचं. अमेरिकेत टीव्हीवरच्या जुन्या भागाला रीरन म्हणतात, इंग्लंडात त्यालाच रिपीट. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर दूरदर्शनवर रामायण परत लागलं, ते रीरन. १९८७ मध्ये सकाळी रस्ते ओस पाडणारी तीच चित्रफीत. नट तेच आणि चूक झाली असेल तर चूकही तीच.

आता वन्स मोअर. इथे थोडं थांबा, मला यावर बरंच बोलायचंय. रात्री लिहितो.

प्रूफवाला:

साताऱ्याहून नमस्कार. छापखान्यात प्रुफं वाचण्यात जन्म गेला, म्हणून राहवत नाही.

संगमावरची ताई, एक कसोटी वापरून बघा. परत आलं ते काय आहे? तीच वस्तू परत दाखवली, ती वस्तू नव्यानं केली, की कुणी काही न करता ती आपोआप परत आली? रीरन, रीप्ले, री-रिलीज, रीप्रिंट हे पहिल्या घरातले. रिव्हायव्हल, रीमेक, रीमॅच, रीटेक दुसऱ्या घरातले. रिकर, रीलॅप्स तिसऱ्या घरातले. घर ठरलं की निम्मं काम होतं.

छपाईतही हेच चालतं. मजकूर न बदलता तीच पुस्तकं परत छापली तर रीप्रिंट, म्हणजे पुनर्मुद्रण. मजकुरात भर घातली, दुरुस्त्या केल्या तर नवी एडिशन, म्हणजे आवृत्ती. लोक सर्रास पुनर्मुद्रणाला दुसरी आवृत्ती म्हणतात, ते मला सोसत नाही. वाचकाला नवीन काही मिळणार आहे की नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

दहावी ब:

मॅडम, रीप्ले आणि रिपीट यात काय फरक? मॅचमध्ये ॲक्शन रीप्ले म्हणतात.

संगमावरची:

छान प्रश्न विचारलास. पूर्ण कार्यक्रम परत दाखवला तर रिपीट, आत्ता घडलेला तुकडा लगेच परत दाखवला तर रीप्ले. ॲक्शन रीप्ले हा इंग्लंडचा शब्द, अमेरिकेत इन्स्टंट रीप्ले म्हणतात. याची एक गोष्ट मी वर्गात सांगते. ७ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत आर्मी विरुद्ध नेव्ही असा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. दिग्दर्शक टोनी व्हर्ना यांनी गुण झाल्यावर तोच क्षण लगेच टेपवरून परत दाखवला, आणि तोही नेहमीच्या वेगानं. असं पूर्वी कुणी पाहिलेलंच नव्हतं. लोकांना वाटेल आर्मीनं आणखी गुण मिळवले, म्हणून समालोचकाला सांगावं लागलं की हे थेट नाही, आर्मीनं पुन्हा गुण केलेले नाहीत. ‘पुन्हा घडलं’ आणि ‘पुन्हा दाखवलं’ यांत किती अंतर आहे, ते त्या एका क्षणात दिसतं.

आपल्या क्रिकेटमध्ये नोव्हेंबर १९९२ ला दरबानच्या कसोटीत रीप्ले बघून तिसऱ्या पंचानं बाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर. धावबाद.

आणि हो, रीप्लेचा आणखी एक अर्थ आहे. फुटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटला की पूर्वी तो दुसऱ्या एखाद्या दिवशी परत खेळवायचे, तोही रीप्लेच. म्हणजे एकच शब्द प्रूफवाले काकांच्या पहिल्या दोन घरांत राहतो.

खोडवा निडवा:

वाळव्याहून लिहितोय. इंग्रजी आमचं बेताचंच, पण ऊस लावतो म्हणून एक सांगू का? ऊस तोडल्यावर बुडखे राहतात, त्यांतून परत फूट येते. नवीन बेणं लावायचं नाही, त्याच मुळावर दुसरं पीक घ्यायचं. त्याला आम्ही खोडवा म्हणतो आणि त्यानंतरच्याला निडवा. कृषीच्या पुस्तकात याला रॅटून लिहिलेलं असतं. आडसाली उसाला १६ ते १८ महिने लागतात, खोडवा वर्षभरात तुटतो. हे तुमच्या कुठल्या घरात बसतं?

प्रूफवाला:

दादा, काय सुंदर उदाहरण दिलंत! रॅटून हा इंग्रजीत स्पॅनिशमधून आलेला शब्द, मूळ शब्दाचा अर्थ फुटवा, कोंब. पीक नवं पण मूळ जुनं, त्यामुळे माझ्या तीन घरांपैकी एकातही हा धड बसत नाही. चौथं घर बांधावं लागेल. खरं तर पुनरुज्जीवित नाटकही खोडवाच आहे. संहितेचं बुडखं तेच आणि फूट नवी.

तुमच्यासाठीच आणखी एक सांगतो. तालमीला इंग्रजीत रिहर्सल म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि मूळ अर्थ शेतात कुळवासारखं अवजार परत फिरवणं. नांगरलेल्या रानात ढेकळं फुटेपर्यंत त्याच जागेवरून पुन्हा जायचं. हर्स म्हणजे ते अवजार. शववाहिकेला इंग्रजीत हर्स म्हणतात, तो शब्दही त्याच मुळातला.

खोडवा निडवा:

म्हणजे कुळवाची दुसरी पाळी! आम्ही असंच म्हणतो, ‘अजून एक पाळी द्या, ढेकळं राहिल्यात.’ नाटकवाली माणसं पण तेच करतात म्हणायचं. आज मुलाला हे सांगितलं, तो पण थांबून ऐकत राहिला.

तिसरी घंटा:

दादा, तालीम हा शब्द तर पैलवानांचा आणि नटांचा एकच आहे, आणि सांगलीला दोन्ही तालमी मोठ्या.

आता वन्स मोअर. पद रंगलं की प्रेक्षागृहातून हाक यायची, वन्स मोअर! शब्द इंग्रजी, पण इंग्लंडच्या नाट्यगृहात अशी हाक देत नाहीत. तिथे ‘ऑन्कोर’ म्हणतात, आणि तो शब्द फ्रेंच. लंडनचे श्रोते अठराव्या शतकात इटालियन ऑपेरा ऐकताना तसं ओरडू लागले. फ्रेंच माणूस मात्र स्वतः ऑन्कोर म्हणत नाही, तो ‘बिस’ म्हणतो, म्हणजे लॅटिनमध्ये दोनदा. इंग्रजानं फ्रेंच शब्द घेतला, आम्ही इंग्रजी घेतला. दाद द्यायला माणसाला परका शब्द का लागतो, याचा मी खूप विचार केलाय. मला वाटतं, रोजच्या बोलण्यातलं ‘पुन्हा’ त्या वेळच्या आनंदाला अपुरं पडतं.

मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसात तर ‘मुकर्रर’ ऐकू येतं. तो अरबीतून आलेला, अर्थ तोच, परत एकदा. आपल्या कागदोपत्री ‘तारीख मुक्रर करणे’ आहे, तो वेगळा शब्द, ठरवणे या अर्थाचा. मराठीत आले आणि जवळजवळ सारखे दिसायला लागले.

ताई, तुमच्या कामाचा मुद्दा हा. आज परदेशी मैफलीत ऑन्कोर म्हणजे बहुधा शेवटी, कार्यक्रम संपल्यावर, एखादी जादा चीज. आमचा वन्स मोअर तसा नव्हता. नाटक भर रंगात असताना कथानक तिथेच थांबवून तेच पद परत. नागठाण्याच्या बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला किती वेळा ते व्हायचं आणि नाटकं पहाटेपर्यंत कशी चालायची, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय. म्हणून फलकावर नुसतं ऑन्कोर लिहिलंत तर परगावचा पाहुणा चुकीचं चित्र मनात आणेल.

रात्रपाळी:

मिरजेत नर्स आहे. आमच्याकडे हे शब्द चुकले तर औषध चुकतं, म्हणून लिहिते.

मलेरियाचा रुग्ण बरा होऊन गेला आणि तीन महिन्यांनी परत तापानं आला. आपण म्हणतो, मलेरिया परत झाला. पण कसा परत झाला? व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. तो रीलॅप्स. फाल्सिपेरममध्ये औषधानंतरही रक्तातच थोडे उरलेले जंतू परत वाढले, तर रिक्रुडेसन्स. आणि नवा डास चावून नव्यानं लागण झाली असेल तर रीइन्फेक्शन. पहिल्यासाठी यकृतातले जंतू मारणारं प्रायमाक्विन पूर्ण घ्यावं लागतं. पुष्कळ लोक ताप उतरला की ते मध्येच सोडतात. आमची निम्मी विनवणी त्या गोळ्यांसाठी असते.

पण मला सांगायचं होतं ते मराठीचं. खेड्यातून येणारी आई ‘रीलॅप्स झाला’ म्हणत नाही, ती म्हणते ‘ताप उलटला’. टायफॉइड उलटला, दुखणं उलटलं. इतका अचूक शब्द आपल्याकडे असताना मराठी माहितीपत्रकात ‘पुनरुद्भव’ छापतात आणि ते कुणी वाचत नाही.

संगमावरची:

रात्रपाळी ताई, ‘उलटला’ हा शब्द मी आजीकडून ऐकत आले, तरी रीलॅप्स शिकवताना कधी आठवला नाही. उद्यापासून वर्गात हाच सांगणार. आणि सोडलेली सवय परत लागली तर इंग्रजीत तोही रीलॅप्सच. तिथे आपलं ‘ये रे माझ्या मागल्या’ बसेल.

याच ओघात विचारते, रिकर आणि रीऑकर यांत खरंच फरक आहे का? मुलं दोन्ही लिहितात.

धोका पातळी:

जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो. ताई, फरक आहे आणि तो जपण्यासारखा आहे. रीऑकर म्हणजे आणखी एकदा घडलं, बस्स. रिकर म्हणजे पुन्हा पुन्हा घडत राहतं, बहुतेक ठरावीक अंतरानं. बँकेतली आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, रिकरिंग असते, कारण हप्ता दर महिन्याला येतो. गणितात १ ला ७ ने भागलं की १४२८५७ हे सहा अंक त्याच क्रमानं अखंड येत राहतात, तो रिकरिंग दशांश.

पण याच शब्दावरून एक गैरसमज होतो आणि तो आपल्या जिवाशी निगडित आहे. कृष्णेला सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लोक मला म्हणाले, ‘साहेब, आता शंभर वर्षं बघायला नको.’ कुठेतरी त्यांनी शंभर वर्षांचा पूर हा शब्द वाचला होता. इंग्रजीत रिटर्न पीरियड किंवा रिकरन्स इंटरव्हल म्हणतात. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदाच येतो असा नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १०० त १, असा आहे. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. ३० वर्षं नदीकाठी राहिलात तर तसा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी परत घरांत आलं. ज्यांनी २०१९ नंतर सामान खालच्या मजल्यावर परत लावलं होतं त्यांचे चेहरे मी विसरलो नाही. शब्द नीट समजावून सांगितला असता तर काहींचं तरी वाचलं असतं, असं आजही वाटतं.

खोडवा निडवा:

आवर्ती वरनं आठवलं. आमच्याकडं ताकारी, म्हैसाळ या पाणी योजनांचं आवर्तन सुटतं. कॅनॉलला पाणी पाळीनं येतं ते आवर्तन. भजनात ठेका एक फेरा करून समेवर येतो ते पण आवर्तन. गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं. एकच शब्द.

प्रूफवाला:

आणि ‘आवृत्ती’ त्याच धातूतला, वृत् म्हणजे फिरणं. आपल्याकडे परत येण्याची कल्पनाच मुळी चाकासारखी आहे.

मंडळी, आता माझं एक निरीक्षण मांडतो, चुकत असेन तर सांगा. इंग्रजी ‘री’ साठी आपल्याकडे दोन उपसर्ग आहेत, फेर आणि पुनर्. फेरमतदान, फेरमोजणी, फेरलिलाव, फेरतपासणी, फेरनिविदा: यांत पहिला निकाल मान्य नाही म्हणून परत करायचं. पुनर्मुद्रण, पुनर्वसन, पुनर्मिलन, पुनर्जन्म: यांत पहिल्याला दोष नाही, जे संपलं किंवा हरवलं ते परत आणायचं. मार्केट यार्डात हळदीचा फेरलिलाव म्हटला की पहिल्या बोलीत काहीतरी बिनसलं, हे न सांगता कळतं. इंग्रजी ‘री’ मधून एवढं कळत नाही.

रात्रपाळी:

काका, पण पेपर पुन्हा तपासायला मुलं ‘पुनर्मूल्यांकन’चा अर्ज भरतात. तिथेही पहिला निकाल मान्य नसतोच.

प्रूफवाला:

बरोबर आहे. पुनर्विचार आणि फेरविचारही सारख्याच अर्थानं चालतात. म्हणजे नियम पक्का नाही, कल आहे. तरी फेरजन्म कुणी म्हणणार नाही.

जाता जाता, फलकावर ‘पुनर्प्रक्षेपण’ छापू नका. प आणि क पूर्वी विसर्ग राहतो, पुनःप्रक्षेपण. मृदू व्यंजनापूर्वी र्, म्हणून पुनर्मुद्रण. स्वरापूर्वी पुनरावृत्ती, च पूर्वी पुनश्च. ‘पुनर्रचना’ संस्कृतच्या नियमानं पुनारचना व्हायला हवी, पण मराठीत ती कायमची रुळली, तिला हात लावू नये.

खोडवा निडवा:

आणि दुबार? पाऊस दडी मारतो, पेरलेलं उगवत नाही, मग दुबार पेरणी. आटपाडी, जतकडच्या माणसाला हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. पुनर्पेरणी म्हणा नाहीतर फेरपेरणी, त्यात ते दुःख येत नाही. दुबार म्हणजे बियाणं गेलं, खत गेलं, आणि परत कर्ज काढायचं.

संगमावरची:

खोडवा दादा, यावर काय लिहू कळत नाही. इंग्रजीत त्याला रीसोइंग म्हणतात. त्यात बियाणं येतं, कर्ज येत नाही. काही शब्दांचं भाषांतर करू नये, खाली ओळ देऊन समजावून सांगावं.

रेडिओच्या फोटोचं अजून कुणी सांगितलं नाही.

धोका पातळी:

आकाशवाणी सांगली रोज ऐकतो, म्हणून निवेदकांचे शब्द पाठ आहेत. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्याच वेळी आपल्या केंद्रावरून ऐकवला तर सहक्षेपण, इंग्रजीत रिले. तो ‘पुन्हा’ नव्हेच. एकदा झालेला कार्यक्रम नंतर परत लावला तर पुनःप्रसारण, त्याला इंग्रजीत रिपीट किंवा रीब्रॉडकास्ट. फोटोतल्या नाटिकेचं कोणतं ते आधी विचारून घ्या.

संगमावरची:

फोटो देणाऱ्या आजींना आज घरी जाऊन विचारलं. कार्यक्रम दोन वेळा लागला होता, दुसऱ्या वेळी घरातली सगळी माणसं दारात बसून ऐकत होती. म्हणजे रीब्रॉडकास्ट.

बाकीचं असं ठरवलंय. तीस वर्षांनी आलेलं नाटक रिव्हायव्हल. लोकाग्रहास्तव प्रयोग रिटर्न एंगेजमेंट. पहिल्या अंकातली चाल शेवटच्या अंकात बदललेल्या शब्दांनी परत येते असा एक उल्लेख आहे, तिथे रिप्राइज. तालमीचा फोटो रिहर्सलच, पण त्याखाली कुळवाच्या पाळीची एक ओळ इंग्रजीत घालतेय. खोडवा दादा, ती तुमच्यामुळे.

वन्स मोअरचा फोटो ‘शारदा’चा आहे. १८९९ चं नाटक, लिहिणारे देवल हरिपूरचे, म्हणजे माझ्या घरापासून चालत जाण्याइतके जवळचे. तिथे मी ऑन्कोर लिहिणार नाही. इंग्रजी मजकुरातही ‘वन्स मोअर’ तसंच ठेवतेय आणि पुढे दोन ओळी: प्रेक्षक ही हाक द्यायचे, नाटक थांबायचं, आणि तेच पद परत सुरू व्हायचं.

तिसरी घंटा:

‘तेच पद’ म्हणू नका, ताई. पद तेच, पण दुसऱ्या वेळी गायक एखादी जागा वेगळी घ्यायचा. लोक त्यासाठीच मागायचे.

संगमावरची:

बदलते. प्रूफवाले काका, शारदाचा मजकूर आज रात्री तुम्हाला पाठवते, एकदा नजर टाका.